जाळ्याचा आस

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटं शेजारी-शेजारी दिसतात. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदीचं काम काढलं, तेव्हा मुंबईकर इंग्रजांच्या पोटात दुखलं. पाठोपाठ सिद्दीने उंदेरी बळकावली आणि मग दोन्ही बेटं एकमेकांवर तोफा डागत बसली. राहायचं शेजारी आणि तोंड उघडायचं ते भांडायलाच, हा कुठल्याही रोमँटिक कॉमेडीचा पूर्वार्ध झाला. फक्त इथे मध्यंतरानंतर कुणी मोहरीच्या शेतात धावलं नाही. मोहरीच्या शेतातला नायक मात्र थळला येऊन पोचला आहे. शाहरुख खानचा बंगला इथेच आहे. तेव्हा नववी-दहावीच्या पोरापोरींनी रोमँटिक कॉमेडी पाहावी का, आणि पाहावी तर कुठली, याचा निवाडा करायला थळइतकी रास्त जागा दुसरी नाही.

सरकारने आपला निवाडा केव्हाच केला आहे. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२चा. त्यातल्या ‘यू’ आणि ‘ए’ यांच्या मध्ये १९८३ साली ‘यूए’ आला, आणि २०२३च्या दुरुस्तीने त्या यूएचे सात, तेरा आणि सोळा वर्षांपुढचे असे तीन वाटे केले. गंमत अशी की ‘ए’ असेल तर थिएटरवाल्याने पोरांना दारातून परत पाठवायचं असतं. यूएपुढचा आकडा मात्र आईबापांना दिलेला नुसता सल्ला आहे. म्हणजे फिरून फिरून निवाडा घरच्या रिमोटवर आला. आणि रिमोटकडे मोजपट्टी एकच, ती म्हणजे पडद्यावरचे दोन चेहरे किती जवळ आले. अंतर वीतभर उरलं की बाबांना एकाएकी बातम्यांची ओढ लागते, आईला गॅसवर ठेवलेलं दूध आठवतं, आणि आजी ‘मेल्यांना लाज नाही’ म्हणत चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवते. हीच मंडळी हळदीच्या रात्री डीजेपुढे आपल्या बारा वर्षांच्या लेकीला ज्या गाण्यावर नाचायला ढकलतात, त्या गाण्याचे शब्द कुणी सावकाश वाचून दाखवले तर मांडव रिकामा होईल. पण ते शब्द ठेक्यात येतात, म्हणून चालतात.

नको ते अडवायचं आणि नको ते सोडायचं, ही चूक कोळीवाड्यात कुणी करणार नाही. जाळं घेताना पहिला विचार आसाचा, म्हणजे जाळ्याच्या भोकाचा. काय अडवायचं आणि काय सोडायचं, हे आस ठरवतो. पिल्लं मारली तर पुढे समुद्रात मिळणार काय, म्हणून राज्य सरकारने २०२३मध्ये पापलेटसकट ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरायचा नाही. आता आपल्या घरगुती सेन्सॉरचा आस पाहा. त्यात चुंबन अडकतं, दारूचा पेला अडकतो, पाठीवरची उघडी गाठ अडकते. आणि नकार देणाऱ्या मुलीच्या मागे अख्खी तीन कडवी फिरणारा घोड्याएवढा नायक बिनबोभाट सुटून जातो. म्हणून माझी कसोटी निराळी आहे. चुंबनं मोजू नयेत. मुलगी ‘नाही’ म्हणाल्यावर पुढच्या दहा मिनिटांत सिनेमा काय करतो, ते पाहावं.

या कसोटीवर घासायला दोन सिनेमे एकाच घराण्यातले घेऊ, म्हणजे पक्षपात नको. १९९३च्या ‘डर’मध्ये यश चोप्रांनी शाहरुखला एका मुलीच्या मागे लावलं. ती नको म्हणते, तो ऐकत नाही. सिनेमा त्याला माथेफिरू ठरवतो आणि शेवटी मारतो. दोनच वर्षांनी आदित्य चोप्रांच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’त तोच शाहरुख युरोपच्या आगगाडीत एका अनोळखी मुलीला छळतो, तिच्या बॅगेतून पडलेलं अंतर्वस्त्र तिच्यापुढे नाचवतो. पुढे ती दारूच्या गुंगीतून जागी होते, तेव्हा रात्री आपल्यात सगळं घडलं असं सांगून तिला हुंदके देत रडायला लावतो, आणि मग म्हणतो, चेष्टा केली. इथे तो आयुष्याचा जोडीदार. वागणुकीत फरक शोधायला भिंग लागेल. पार्श्वसंगीतातला फरक मात्र बहिऱ्यालाही कळतो. तिथे किंचाळणारी व्हायोलिनं, इथे मँडोलिन. पंधरा वर्षांचं पोर कायदा वाचत नाही, ते मँडोलिन ऐकतं.

कायदा वाचलाच, तर पंचाईत वाढते. मुलीने नापसंती स्पष्ट दाखवूनही पुरुष पुन्हापुन्हा तिच्या मागे गेला, तर तो २०१३पासून आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेत त्याचं कलम ७८. पहिल्या वेळेला तीन वर्षांपर्यंत कैद, पण जामीन मिळतो. म्हणजे आपल्या लाडक्या प्रेमगीतांपैकी निम्मी ही जामीनपात्र गुन्ह्याची संगीतमय कबुली आहेत, आणि मागे नाचणारे चाळीसजण सहआरोपी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पोरांना कळतं हो, सिनेमा तो सिनेमा. मारामारीच्या बाबतीत हे अगदी खरं. एका ठोशात बारा गुंड लोळवणारा नायक पाहून कुणी अलिबागच्या एसटी स्टँडवर तसा प्रयोग करत नाही, कारण मारामारीची खरी माहिती प्रत्येकाने शाळेच्या मैदानात फुकट मिळवलेली असते. प्रेमाचं तसं नाही. त्याचा तास शाळेत नाही, घरात तर विषयच निघत नाही. दुसरं पुस्तक नसलं की गाईडलाच पाठ्यपुस्तकाचा मान मिळतो. रवी जाधवांच्या २०१३च्या ‘बालक-पालक’मध्ये हेच घडतं. चाळीतली पोरं आधी मोठ्यांनाच विचारायला जातात. उत्तर मिळत नाही, तेव्हा कुठे ती ‘तसल्या’ कॅसेटच्या नादी लागतात. त्या सिनेमाचा विषय ऐकूनच कित्येक पालकांनी कपाळाला आठ्या घातल्या असतील, आणि तो तर पोरांनी आईबापांना शेजारी बसवून बघण्याजोगा आहे. शेजारी बसण्याची तालीम कुणाची कमी पडेल, हे सांगायला नको.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नायकाने पहिल्या नकारालाच ‘बरं’ म्हणून घरची वाट धरली, तर सिनेमा अकरा मिनिटांत संपेल; उरलेल्या दोन तासांत प्रेक्षकांनी समोसे खायचे का? प्रश्न रास्त आहे. रोमँटिक कॉमेडीला अडथळा हवाच. पण अडथळा म्हणजे मुलीचा नकारच, हा आळशी लेखकाचा शोध. सतीश राजवाडेंच्या २०१०च्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’त दोन माणसं पुण्यात दिवसभर फिरतात आणि बोलतात, नावंसुद्धा सांगत नाहीत. अडथळा इतकाच की एक मुंबईची आणि एक पुण्याचा. ज्यांना दोन्ही गावं ठाऊक आहेत त्यांना कळेल की ‘दिलवाले’तला पंजाबी बाप त्यापुढे काहीच नाही. तिथे मुलगी वाद घालते, हरवते, हरते, आणि शेवटपर्यंत निर्णय तिच्या हातात राहतो. ‘सैराट’ला कॉमेडी म्हणण्याची हिंमत शेवट पाहिलेला कुणी करणार नाही; पण पूर्वार्धात आर्ची बुलेटवरून येते, वर्गात परश्याकडे रोखून बघते आणि घाम त्याला फुटतो. विनोद तिथे पुरेपूर आहे, आणि तो मुलीच्या नकारातून पिळून काढलेला नाही.

न्यायाने वागायचं तर ‘दिलवाले’च्याही बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तीन तास नऊ मिनिटांच्या त्या सिनेमाच्या उत्तरार्धात मुलीची आई दागिने पुढे करून म्हणते, पळून जा. आणि नायक नाही म्हणतो. बापाच्या होकाराशिवाय नेणार नाही, यावर तो रक्तबंबाळ होईपर्यंत ठाम राहतो. म्हणजे परवानगी ही चीज या माणसाला कळते! फक्त ती पुरुषाकडे मागायची असते, असा त्याचा समज आहे. आगगाडीतल्या मुलीची परवानगी नसली तरी चाललं. तिच्या बापाची नसेल तर फलाटावर थांबायचं. हा सिनेमा मी पोरांपासून लपवणार नाही. उलट दाखवीन, पण आगगाडीच्या प्रसंगाला रिमोट दाबून थांबवीन आणि विचारीन, की हा मुलगा इतका देखणा नसता तर? पोरी चटकन उत्तर देतील. पोरगे जरा वेळ पंख्याकडे बघतील.

थळला सुट्टीच्या दिवशी येणारी मंडळी वाकडी वाट करून बड्यांच्या बंगल्यांच्या भिंती बघायला जातात. भिंती उंच, माड त्याहून उंच. आत कोण आहे ते दिसत नाही. फाटकावरचा रखवालदार खुर्चीतून न उठता फक्त मान हलवतो. आणि ज्यांची अख्खी जवानी ‘तिच्या “नाही”त “हो” दडलेला असतो’ हे शिकण्यात गेली, तीच माणसं त्या एका मानेच्या हलण्यावर निमूट मागे फिरतात, रिक्षा वळवायला सांगतात आणि किनाऱ्यावर जाऊन शहाळं पितात. कुणी गाणं म्हणत नाही.