शिट्टी न होणाऱ्या भांड्याविषयी भूमला पाठवलेले सविस्तर निवेदन

मुक्काम : शिकागोचे एक उपनगर
जानेवारी महिना

तीर्थरूप आई आणि तीर्थरूप बाबा, मुक्काम पोस्ट भूम, जिल्हा धाराशिव, यांच्या चरणी परदेशस्थ कुटुंबाचा बालगोपाळांसह शिरसाष्टांग नमस्कार.

स्लो कुकर म्हणजे भाजून चकचकीत केलेल्या जाड मातीचे एक भांडे आणि त्याभोवती विजेची तार गुंडाळलेले धातूचे कवच, एवढे वर्णन अपुरे असले तरी चुकीचे ठरणार नाही. त्यात सकाळी घातलेले मांस आणि भाज्या उकळीच्या किंचित खाली, म्हणजे सुमारे 90 ते 95 अंश सेल्सिअसवर, संध्याकाळपर्यंत आपसूक शिजत राहतात, आणि या संपूर्ण काळात ते भांडे एकही शिट्टी देत नाही. या शेवटच्या वैशिष्ट्यामुळे मातुःश्रींचा ‘किती शिट्ट्या?’ हा प्रश्न अनुत्तरित राहिला असून, व्हिडिओ कॉलवर त्याचे निरसन होण्याऐवजी प्रत्येक वेळी नवी शंका उपस्थित होते, असे दिसून आल्याने प्रस्तुत निवेदन लेखी स्वरूपात सादर करण्यात येत आहे.

प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, त्यामुळे पाणी शंभर अंशांवर न उकळता 120 अंशांच्या आसपास पोहोचते आणि चिवट मटणही अर्ध्या-पाऊण तासात नमते. मांस चिवट असते ते मुख्यतः कोलॅजेनमुळे; कोलॅजेन म्हणजे स्नायूंचे धागे एकत्र बांधून ठेवणारे प्रथिन, जे 70 अंशांच्या वर दीर्घकाळ ओलाव्यात राहिले की हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि रश्श्याला तो ओठांना किंचित चिकटणारा दाटपणा येतो, जो भूमला पायाच्या रश्श्यामुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. जे काम प्रेशर कुकर दमदाटीने करतो, तेच स्लो कुकर आठ तास समजूत घालून करतो. त्याच्यावर ‘लो’ आणि ‘हाय’ अशी दोन बटणे असतात; ‘हाय’वर अन्न जळेल, ही पिताश्रींची भीती मात्र अनाठायी आहे, कारण बहुतेक यंत्रांत ही दोन्ही बटणे शेवटी जवळपास त्याच तापमानाला नेऊन सोडतात, आणि भूमहून बार्शीला निघालेल्या साध्या आणि जलद गाडीत जो फरक असतो, तेवढाच फरक त्यांच्यात असतो.

या यंत्राची कुळकथा मातुःश्रींना विशेष रुचली आहे. अर्विंग नॅक्सन या शिकागोतील ज्यू अभियंत्याने 1936 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1940 मध्ये ते त्याला मिळाले. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, विस्तव पेटवण्यास धर्माची मनाई असल्याने लिथुएनियातील व्हिल्ना येथील कुटुंबे शुक्रवारी दुपारीच मांस, कडधान्ये आणि बटाटे यांचे भांडे बेकरीत नेऊन देत, आणि भट्टीच्या उरलेल्या धगीवर रात्रभर शिजलेले ते अन्न दुसऱ्या दिवशी खात. चोलेंत नावाच्या या पदार्थाची हकिगत नॅक्सनला त्याच्या आईने सांगितली आणि त्यावरून त्याला हे भांडे सुचले. पुढे 1970 मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा उद्योग विकत घेतला आणि 1971 मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने ते भांडे नव्या रूपात बाजारात आणले. शोधाचे मूळ आईच्या सांगण्यात आहे, हे कळल्यापासून भूमकडून होणारी टीका काहीशी सौम्य झाली आहे. तथापि चुलीच्या वैलावर, म्हणजे मुख्य जाळाच्या बाजूला उरलेल्या धगीवर, आमटी तासन्‌तास मुरत ठेवण्याची रीत तिकडे पिढ्यान्‌पिढ्या असताना तिचे पेटंट कोणी घेतले नाही, हा मातुःश्रींचा मुद्दा बिनतोड आहे.

आता मांसाच्या प्रश्नाकडे वळणे प्राप्त आहे, कारण यंत्राच्या खोक्यावरील सूपच्या चित्राची छायाप्रत चिरंजीवांनी आजोबांना उत्साहाने पाठवली आणि त्या चित्राखाली ‘बीफ’ हा शब्द ठळक अक्षरांत होता. अमेरिकेत या सूपसाठी गाईबैलाच्या मानेखांद्याकडचे स्वस्त, चिवट मांस वापरतात. ते स्वस्त असते म्हणून, आणि कोलॅजेन तिथे भरपूर असते म्हणूनही. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाईच्या आणि 2015 मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल आणि वळू यांच्याही कत्तलीस मनाई आहे. परंतु यावरून हे अन्न मराठवाड्याच्या भूमीला सर्वस्वी परके होते असा निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून होणार नाही. याच जिल्ह्यातील शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 मधील ग्रंथात मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाची जी नोंद केली आहे, तीत मोठ्या जनावराचे मांस, त्याची चरबी आणि उन्हात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या पट्ट्या, म्हणजे चान्या, यांना मानाचे स्थान आहे. वाट्याला येईल ते मांस कमी तेलात, मोजक्या मसाल्यात आणि भरपूर पाण्यात शिजवून घरातील सर्वांना पुरवण्याचे जे कसब त्या चुलींवर होते, त्याचाच खोक्यावरील पाककृती हा चकचकीत कागदावर छापलेला दूरचा नातेवाईक आहे, हे नमूद करणे आवश्यक वाटते.

प्रस्तुत कुटुंबात मात्र बोकडच शिजतो. उस्मानाबादी शेळीच्या मुलखातून आलेल्या मंडळींची जीभ दुसरे काही सहजी मान्य करीत नाही, आणि शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर, जिथे भारतीय आणि पाकिस्तानी दुकाने लागून आहेत, हाडासकट बोकडाचे मांस मिळते. खाटकाकडून मान, खांदा आणि नळी मिळून किलोभर मांस आणावे, ते प्रथम कढईत थोड्या तेलावर लालसर परतून घ्यावे, कारण मांसाचा खमंगपणा साधारण 140 अंशांच्या पुढेच येतो आणि स्लो कुकर त्या उंचीला कधीच पोहोचत नाही. बटाटे आणि गाजरे तळाशी ठेवावीत. मांसापेक्षा भाज्या उशिरा शिजतात हे प्रथमदर्शनी विपरीत वाटले तरी या यंत्रात तेच खरे आहे. टोमॅटो शेवटच्या तासात घालावेत, अन्यथा त्यांच्या आंबटपणामुळे बटाटा कडकच राहतो. पाणी बेताने घालावे, कारण झाकणाखालून वाफ फारशी निसटत नाही आणि जेवढे ओतले जवळपास तेवढेच ताटात येते. अमेरिकन पाककृतीत दाटपणासाठी बार्ली, म्हणजे सातू, सांगितलेली असते. त्याऐवजी येथे ज्वारीच्या कण्या घातल्या जातात, आणि अखेरीस येसूर, म्हणजे धान्ये, डाळी आणि मसाले भाजून केलेले पीठ, गार पाण्यात कालवून सोडले जाते. या टप्प्यानंतर त्यास सूप म्हणावे की रस्सा, याविषयी घरात दोन तट आहेत. ब्रेडबरोबर खाणारा चिरंजीव पहिल्या तटात आणि उरलेले कुटुंब भाकरीसह दुसऱ्या तटात मोडते.

मातुःश्रींनी सुचवलेला लाल राजमा घालण्यास हरकत नाही, परंतु तो कच्चा घालणे धोक्याचे आहे. त्यात एक विषारी प्रथिन असते, जे खळखळत्या उकळीत किमान दहा मिनिटे राहिल्यावरच निष्प्रभ होते. मंद आचेवर ते नष्ट न होता उलट अधिक त्रासदायक ठरू शकते. म्हणून भिजवलेला राजमा आधी प्रेशर कुकरमध्ये तीन शिट्ट्या देऊन मगच या भांड्यात ढकलला जातो, आणि ‘किती शिट्ट्या?’ या प्रश्नाला निदान राजम्यापुरते अधिकृत उत्तर उपलब्ध झाले आहे.

पाककृतीपेक्षा अवघड भाग झाकणाचा आहे. भूम परिसर खव्याचा आहे. कुंथलगिरीच्या खव्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या उत्पादनाला मिळणारी कायदेशीर ओळख, मिळाली, आणि हा खवा ज्या भट्ट्यांवर तयार होतो तिथे क्षणभर हात थांबला तरी दूध तळाला लागते. ढवळणे हाच स्वयंपाक, अशा संस्कारात वाढलेल्या माणसाला आठ तास काहीही न करण्याची आज्ञा पाळणे किती जड जाते, याची कल्पना यंत्राच्या निर्मात्यांना आलेली दिसत नाही. झाकण एकदा उघडले की निसटलेली उष्णता भरून यायला वीस ते तीस मिनिटे लागतात, असे सोबतच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते. तरीही घरातील कर्ता पुरुष दर तासाला पळी घेऊन त्या भांड्याभोवती घोटाळतो आणि ‘तळाला लागत तर नसेल?’ असे स्वतःशीच पुटपुटतो. यावर सूनबाईंनी शोधलेला उपाय असा, की काचेच्या झाकणावर आतून जमलेल्या थेंबांना वरून टिचकी मारायची. थेंब ओघळतात, घडीभर काच स्वच्छ होते, गाजराचा एक तुकडा आणि नळीचे टोक दिसते, आणि पुन्हा सगळे धूसर होण्यापूर्वी कर्त्या पुरुषाचे समाधान होते. फोडणीचा प्रश्न मात्र टिचकीने सुटलेला नाही. फोडणीविना जेवण म्हणजे आजाऱ्याचे जेवण, हा भूमचा दंडक असल्याने वाढण्यापूर्वी लसूण आणि काळे तिखट यांची चरचरीत फोडणी वरून दिली जाते. मसाला तासन्‌तास शिजून बोथट होतो, त्यामुळे हा दंडक पाकशास्त्राच्या दृष्टीनेही योग्यच ठरतो.

राहता राहिली पिताश्रींची सूचना, की येताना असे एक भांडे भूमला आणावे. ती अमलात आणणे इष्ट वाटत नाही. अमेरिकेत घरगुती वीज 120 व्होल्टची आणि भारतात 230 व्होल्टची असते, आणि तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने येथे 250 वॅटवर रेंगाळणारे हे भांडे भूमला सुमारे 900 वॅटने पेटून उठेल. त्याचा मंद स्वभाव तर जाईलच, शिवाय तार किंवा माती यांपैकी काय आधी तडकेल एवढाच प्रश्न उरेल. भारतीय बनावटीचे भांडे घेतले तरी भारनियमनाचा विचार करावा लागेल, कारण मध्येच वीज जाऊन अन्न 60 अंशांच्या खाली तासन्‌तास कोमट राहिले, तर त्यात मांसाबरोबर जंतूही निवांत वाढतात. तूर्त मातुःश्रींचा वैल अधिक भरवशाचा आहे.

घरातील येसूर संपत आला असून, सुट्टीला तिकडे आलेल्या मंडळींपैकी जो कोणी इकडे परतणार असेल, त्याच्याबरोबर दोन किलो येसूर आणि अर्धा किलो काळे तिखट पाठवावे. दोन्ही पुड्या वेगवेगळ्या पिशव्यांत, दुहेरी बांधून, वर आतील जिन्नसांची यादी इंग्रजीत चिकटवावी, कारण विमानतळावरील तपासनिसास तपकिरी पिठाचा उलगडा स्वतःहून होत नाही. चान्या अथवा कोणतेही वाळवलेले मांस पाठवू नये. ते जप्त होते. खव्याच्या पेढ्यांबाबत तपासनिसाशी हुज्जत घालण्याची वेळ येऊ नये म्हणून ते येणाऱ्याने भूमलाच खाऊन निघावे.

सर्व लहानथोरांस यथायोग्य सांगावे.

आज्ञाधारक,
परदेशस्थ मुलगा, सून आणि नातू

ता. क. यादीत ‘ज्वारी’साठी इंग्रजीत ‘सॉरघम’ लिहावे. मागील वेळी नुसते ‘पीठ’ लिहिल्याने पुडी फोडून पाहण्यात आली आणि येसूर सामानातील सर्व कपड्यांत समप्रमाणात वाटला गेला.