तंजावर ते पापनाशम : शंभरावरून शून्यावर

दक्षिण यात्रेला निघणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आजवर पुष्कळ मार्गदर्शिका निघाल्या. कापी कुठे प्यावी, कुठल्या देवळात सदरा उतरवावा लागतो, रिक्षावाल्याशी घासाघीस कुठवर ताणावी, हे सगळं त्यांत असतं. फोनची बॅटरी शास्त्रशुद्ध रीतीने कशी संपवावी, हे मात्र कुणी सांगत नाही. जो तो आपल्या मनाने संपवतो. कुणाची दुपारीच मान टाकते, कुणाची रात्रीपर्यंत रेटते, आणि गटात एकवाक्यता राहत नाही. ही उणीव दूर व्हावी म्हणून पुढील मार्गदर्शन.

उद्दिष्ट असं : तंजावरला सकाळी शंभर टक्के भरलेला फोन पापनाशमच्या एकशे आठ शिवालयाच्या दारात बंद पडला पाहिजे. अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. कुंभकोणमकडे जाणाऱ्या पॅसेंजरने निघालं की तित्तै, पशुपतिकोविल, अय्यमपेट, पंडारवाडै, की आलंच पापनाशम. एवढ्याशा प्रवासात ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी रिकामी करणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. म्हणून प्रयोगाला सकाळीच, बृहदीश्वराच्या आवारात, सुरुवात करावी.

पायरी १ : बृहदीश्वर

दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तमिळ मुलखात आपली भाषा दगडावर दिसली की मराठी माणसाचा ऊर भरून येतो. ऊर भरून आला तरी शिलालेख वाचत थांबू नये. त्याचा व्हिडिओ काढावा, तोही फोर-केमध्ये. पुढे तो कुणी पाहणार नसला तरी कॅमेरा, प्रोसेसर आणि स्क्रीन हे तिघंही एकाच वेळी कामाला लागतात आणि फोन हाताला गरम लागू लागतो. गरम लागला म्हणजे आपण योग्य मार्गावर आहोत.

उन्हात स्क्रीन दिसत नाही, तेव्हा ब्राइटनेस पूर्ण करावा आणि सावलीत आल्यावर कमी करायला विसरावं. फोनमध्ये वीज खाणाऱ्यांच्या पंगतीत स्क्रीनचं पान बहुधा पहिलं असतं. कुणी शहाणा डार्क मोड सुचवेल. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ओएलईडी स्क्रीनवर हे तपासून पाहिलं. ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना डार्क मोडने सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचली. ब्राइटनेस पूर्ण असताना मात्र ३९ ते ४७ टक्के. तेव्हा भर उन्हात डार्क मोड कटाक्षाने बंद ठेवावा आणि रात्री हॉटेलच्या खोलीत, ब्राइटनेस निम्म्यावर आणून, ‘बॅटरी वाचवतोय’ असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून लावावा.

पायरी २ : तंजावर स्टेशन

हा या मार्गदर्शनाचा गाभा असल्यामुळे सावकाश वाचावा.

प्रत्येक यात्रेकरू गटात एक काका असतात, ज्यांना फोनमधलं कळतं. फलाटावर बसल्या बसल्या ते पुतण्याचा फोन मागून घेतात. चष्मा कपाळावर चढवतात, अंगठा पँटला पुसतात, स्क्रीनवर खालून वर बोट ओढून अ‍ॅपांची रांग समोर आणतात आणि एकेकाला वर भिरकावू लागतात. व्हॉट्सअ‍ॅप गेलं. नकाशा गेला. बँक गेली. कालचं हॉटेल बुकिंग गेलं. दर भिरकावणीला जिभेने एक बारीक ‘च्यक्’ होतो. रांग संपली की फोन परत करताना म्हणतात, “सतरा अ‍ॅप चालू ठेवलेलीस मागे. बॅटरी टिकणार कशी रे?”

पुतण्याने इथे मान डोलवावी. कारण खरी गोष्ट सांगितली तर काकांचा यात्रेतला रस जाईल. त्या रांगेत दिसणारी बहुतेक अ‍ॅप्स चालू नसतात. आपण जिथे सोडली तिथे ती मेमरीत गोठून पडलेली असतात. मेमरी भरलेली असो वा रिकामी, ती जिवंत ठेवायला लागणारी वीज लागतेच. रिकामी केल्याने काही वाचत नाही. जागा कमी पडली तर अँड्रॉइड स्वतःच जुनं अ‍ॅप बाहेर काढतं, त्यासाठी काकांची गरज पडत नाही. उलट भिरकावलेलं अ‍ॅप पुन्हा उघडताना सगळा पसारा पहिल्यापासून मांडावा लागतो आणि प्रोसेसरला तिथे जास्त कष्ट पडतात.

मार्च २०१६ मध्ये एका आयफोनवाल्याने अ‍ॅपलचे प्रमुख टिम कुक यांना पत्र लिहून विचारलं होतं की, तुम्ही स्वतः अशी अ‍ॅप्स बंद करता का, आणि बॅटरीसाठी ते गरजेचं आहे का? सॉफ्टवेअरचे प्रमुख क्रेग फेडेरिघी यांनी दोन्ही प्रश्नांना ‘नाही’ असं उत्तर धाडलं. त्याच सुमारास अँड्रॉइडचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनीही हेच सांगितलं. वर अशाने झाला तर थोडा तोटाच होईल, अशी पुस्ती जोडली. या दोन कंपन्यांचं एकमत होण्याचे प्रसंग विरळाच. म्हणून तर ही माहिती गटात पसरू देऊ नये.

विधी असा : दर स्टेशनाला सगळी अ‍ॅप्स भिरकावावीत आणि लगेच, काही आलंय का ते पाहायला, व्हॉट्सअ‍ॅप उघडावं. मग मागे राहिलेलं व्हॉट्सअ‍ॅप पुढच्या स्टेशनाला पुन्हा भिरकावावं.

एक सावधगिरीची सूचना. मागे राहून खरोखर वीज खाणारी अ‍ॅप्सही असतात : सतत लोकेशन विचारणारी, सकाळचे फोर-के व्हिडिओ मोबाइल डेटावरून क्लाउडवर चढवत बसलेली, किंवा नीट लिहिलेली नसल्यामुळे फोनला विनाकारण जागं ठेवणारी. ती कोणती, हे सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर नावानिशी आणि टक्क्यांनिशी लिहिलेलं असतं. त्या पानावर चुकूनही जाऊ नये.

पायरी ३ : तित्तै

गाडी सुटली की बॅटरी वाचवणारं एखादं फुकट अ‍ॅप उतरवून घ्यावं. हिरवी ढाल, झाडू किंवा वीज यांपैकी काहीतरी चिन्हात असलं म्हणजे झालं. उघडताच ते ‘तुमचा फोन धोक्यात आहे’ असं सांगतं, एक जाहिरात दाखवतं, इतर अ‍ॅप्स मारतं आणि दुसरी जाहिरात दाखवतं. मारलेल्यांपैकी काही पुन्हा उठतात, मग हेही पुन्हा त्यांच्यामागे लागतं. दुसऱ्या कुणी मागे चालू राहू नये म्हणून स्वतः अष्टौप्रहर मागे चालू राहायचं, असा त्याचा बाणा. कुंपणानेच शेत खावं ते असं.

या जातीच्या अ‍ॅपांना आपल्याकडे इतिहासही आहे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. लोकांना त्यांतलं टिकटॉक तेवढं आठवतं. पण यादीत डीयू बॅटरी सेव्हर आणि क्लीन मास्टर ही मंडळीही होती. कारण अर्थात देशाच्या सुरक्षिततेचं होतं, बॅटरीचं नव्हतं. नाउमेद होऊ नये, त्यांची जागा घ्यायला दुसरी पुष्कळ आली आहेत.

पायरी ४ : पशुपतिकोविल

आता नकाशा उघडावा. गाडी रुळांवरून चालली आहे आणि रूळ पापनाशमलाच जाणार आहेत, तरी आपण कुठे आहोत हे नकाशावर पाहत राहावं. जीपीएस, स्क्रीन आणि डेटा तिन्ही सतत लागतात, म्हणून याइतकं गुणकारी साधन नाही. शोधताना नुसतं ‘पापनाशम’ लिहावं. तमिळनाडूत दुसरं पापनाशम तिरुनेलवेलीकडे आहे, ताम्रपर्णीवरच्या धरणाचं. कमल हासनचा २०१५ सालचा ‘पापनाशम’ हा चित्रपट तिथला; त्याच मल्याळी कथेवर त्याच वर्षी आपल्या निशिकांत कामतांनी हिंदीत ‘दृश्यम’ केला. बोट चुकून त्या पापनाशमवर पडलं तर नकाशा तीनशेहून अधिक किलोमीटर दाखवतो, गटात हाहाकार उडतो, आणि एकाऐवजी आठ जणांच्या फोनवर नकाशा चालू होतो. कार्य आठपट साधतं.

त्यातच पुण्याच्या घरी ‘लाइव्ह लोकेशन’ आठ तासांसाठी पाठवून ठेवावं. घरी ते कुणी उघडणार नाही. फोन मात्र इमानेइतबारे धाडत राहील.

पायरी ५ : अय्यमपेट

फोनला डोळा लागू देऊ नये. ही पायरी दिसते सोपी, पण निष्ठा मागते. २०१५ च्या मार्शमेलो आवृत्तीपासून अँड्रॉइडला एक खोड लागली आहे : चार्जर नाही, स्क्रीन बंद आहे, फोन पडून आहे असं दिसलं की तो मागच्या अ‍ॅपांचं नेटवर्क अडवतो आणि मधूनमधूनच थोडी सवलत देतो. पुढच्या आवृत्तीत हे खिशातल्या हलत्या फोनलाही लागू झालं. २०१८ च्या पाय आवृत्तीपासून तर कोणतं अ‍ॅप आपण रोज वापरतो आणि कोणतं क्वचित, याची प्रतवारी करून तो मागच्या कामाचं रेशन ठरवतो. थोडक्यात, काका जे काम अंगठ्याने करतात ते फोन न सांगता आणि नीट करत असतो.

यावर उपाय एकच. दर दोन मिनिटांनी बटण दाबून बॅटरी किती उरली ते बघावं. बॅटरीची काळजी वाहण्याने बॅटरी उतरते. खिडकीबाहेर कावेरीच्या खोऱ्यातली भातशेती सरकत असते. तिकडे फार वेळ पाहू नये, स्क्रीन बंद होण्याचा धोका असतो.

पायरी ६ : पंडारवाडै

मुक्काम जवळ आला. ज्या गावाचं नाव लावून कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार पापनाशम शिवन (१८९०–१९७३) ओळखले जातात, त्या गावात शिरताना त्यांची कृती कानावर पडायलाच हवी. ती डाउनलोड करून, स्क्रीन बंद ठेवून ऐकली तर फोनला फारसा भार पडत नाही. म्हणून तसं ऐकू नये. व्हिडिओ लावावा, उच्च प्रतीचा, आणि सिग्नलची एकच काडी असताना. मनोरा लांब असला की फोनला त्याच्यापर्यंत पोचायला ताकद वाढवावी लागते, आणि धावत्या गाडीत एक मनोरा सोडून दुसरा धरण्याची धडपड वेगळीच. दुसऱ्या सिमला इथे मुळीच सिग्नल नसला तर उत्तम : ते बिचारं शोधत राहतं. भाचीला हॉटस्पॉट द्यावा.

पायरी ७ : पापनाशम

इथवर सूचना पाळल्या असतील तर फलाटावर उतरताना तीन-चार टक्के उरतात. ते देवळापर्यंत पुरवून वापरावेत.

पापनाशमचं रामलिंगस्वामींचं देऊळ एकशे आठ शिवलिंगांसाठी प्रसिद्ध आहे. एकाच छपराखाली ओळीने लिंगं. कथा अशी की, रामाला दोषनिवारणासाठी इथे शिवपूजा करायची होती. लिंग आणायला हनुमानाला काशीला धाडलं. त्याला उशीर होतोय असं पाहून सीतेने वाळूची लिंगं घडवली. त्या काळी लाइव्ह लोकेशन नव्हतं, त्यामुळे कामं खोळंबत नसत. दारात नारळ-फुलांच्या ताटाचे पैसे द्यायला क्यूआर कोड स्कॅन करावा. चक्र फिरतं, फिरतं, आणि पैसे गेले की नाही हे कळायच्या आत स्क्रीन काळी होते. उद्दिष्ट साधलं. फूलवाली हात पुढे करून उभी आहे आणि पुढचं रेल्वे तिकीट कागद वाचवण्यासाठी फोनमध्येच काढलेलं आहे. ते दाखवता आलं नाही तर प्रवास विनातिकीट ठरतो, हे तपासनीस तमिळमध्ये समजावून सांगतात. आसपास तंजावरी मराठी बोलणारं कुणी भेटलं तर निभावेलही. व्यंकोजीराजांपासून ही माणसं इथली आहेत. मात्र फोन चालू असेपर्यंत आपण शेजारी बसलेल्याशी बोललेलोच नसतो.

वेळ मोकळा मिळालाच आहे, तर गावातलं जुनं धान्यकोठार जरूर पाहावं. तंजावरच्या नायकांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेलं. तीन हजार कलम धान्य मावेल एवढं, असं सांगतात. आपण दिवसभर जे केलं ते या कोठारापाशी नीट ध्यानात येतं : पुढचं दार सताड उघडं टाकून धान्याच्या राशी वाहू द्यायच्या, आणि आत काठी घेऊन निजलेल्या उंदरांच्या मागे धावायचं. उंदीर मारल्याचं समाधान खरं असतं, आणि कोठारही खरोखरच रिकामं होतं. म्हणीत बसवायचं तर चोर सोडून संन्याशाला फाशी. स्क्रीन, कॅमेरा, नकाशा आणि अशक्त सिग्नल हे चार चोर राजरोस हातात, आणि फाशी गोठून पडलेल्या अ‍ॅपांना.

उत्तरपूजा

फोन बंद पडल्यावर दोष कुणाला द्यावा, हेही ठरवून ठेवावं. कंपनीला द्यावा, पोरांच्या गेमला द्यावा, फाइव्ह-जीला द्यावा. मग उन्हात तापलेला फोन जाड कव्हरसकट पॉवर बँकेला जोडून पिशवीच्या तळाशी कोंबावा. लिथियम-आयन बॅटरीला उष्णतेइतकं दुसरं काही बाधत नाही, त्यामुळे आजच्या कार्याचं फळ पुढच्या वर्षीच्या यात्रेतही मिळत राहतं.

रात्री कुंभकोणमच्या मुक्कामी फोन चालू झाला की एखादं चिकित्सक पोर सेटिंगमधलं बॅटरीचं पान उघडून काकांपुढे धरेल. वर स्क्रीन, तिच्याखाली कॅमेरा, मग नकाशा, मग व्हिडिओ, आणि काकांनी दिवसभर मारलेल्या बँकेच्या अ‍ॅपाचा अर्धा टक्काही नाही. अशा वेळी वाद घालू नये. पान शांतपणे वाचावं, चष्मा कपाळावर चढवावा, आणि सेटिंगचं अ‍ॅपही मागे उगाच चालू राहिलंय म्हणत त्यालाही वर भिरकावून द्यावं.