कागदावरची तटबंदी

एप्रिल संपता संपता अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, उरकतो आणि क्लीव्हलंडचा चाहता बचावफळीची शिरगणती करायला बसतो. एक जायबंदी झाला तर दुसरा, दुसरा झाला तर तिसरा. पत्रिका जुळवावी तसं. आणि दरवर्षी छत्तीसच्या छत्तीस गुण! 2017 साली क्लीव्हलंडच्या संघानं, ब्राउन्सनी, पहिल्याच क्रमांकावर माइल्स गॅरेट उचलला, वर सेफ्टी जब्रिल पेपर्स. बचाव अभेद्य, असं मे महिन्यातच ठरलं. (गॅरेट पुढे खरंच थोर निघाला, तो भाग वेगळा.) हंगामात 16 सामने, 16 पराभव. जानेवारीच्या कडाक्यात चाहत्यांनी स्टेडियमभोवती मिरवणूक काढली, शून्याच्या आकारात. एप्रिलमध्ये कॉर्नरबॅक डेन्झेल वॉर्ड आला. पुन्हा शिरगणती सुरू.