व्हाया रेवस

हॅम रेडिओवाल्यांची एक ठरलेली बढाई असते. वादळ येवो, टॉवर पडोत, मोबाइल मुके होवोत, आम्ही बोलणारच. मीही ती प्रत्येक लग्नात ऐकवतो. फक्त माझा रेडिओ रेवसला, मी ठाण्यात आणि मधला सगळा कारभार इंटरनेटच्या भरवशावर, एवढं सांगायच्या आत पंगत उठते.

ठाण्यात रेडिओ लावून पाहिला होता. एलईडी दिवे, लिफ्ट, इन्व्हर्टर आणि शेजाऱ्यांचे चार्जर मिळून सात मेगाहर्ट्‌झवर अशी खरखर करतात, की युरोप राहू द्या, पनवेलचा माणूसही ऐकू येत नाही. त्यात गच्चीवर वीस मीटर तार ताणायची तर सोसायटीची सर्वसाधारण सभा. त्यापेक्षा सरकारी परीक्षा देऊन परवाना काढणं सोपं गेलं.

शहरातल्या विजेला कंटाळून अलिबाग तालुका गाठणारा मी काही पहिला नाही. मुंबईच्या ट्राम विजेवर धावणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेनं पृथ्वीचं चुंबकत्व मोजण्याचं काम १९०४ साली अलिबागला हलवलं. ते अजून तिथंच चालतं. सूर्य खवळला की तिथल्या नोंदी थरथरतात आणि इकडे माझा बँड झोपतो. बायकोला मात्र दोन्हींचा संबंध मान्य नाही.

तर रेवसच्या जुन्या घरात ट्रान्सीव्हर, छोटा संगणक आणि इंटरनेटवरून चालू-बंद होणारा प्लग. माडावर मध्यभागी टांगून दोन्ही बाजूंना खाली उतरवलेली तार. ठाण्यात मी हेडफोन लावून बोलतो. आवाज इंटरनेटवरून रेवसला, तिथून आयनांबरावर आपटत बल्गेरियाला. रेवस ते बल्गेरिया सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शात होतं. जास्त वेळ ठाणे ते रेवसलाच लागतो. हे बाकी रस्त्यानं जाणाऱ्याला नवीन नाही.

इंटरनेट गेलं की तो हुशार प्लगही जातो. मग उरतात शेजारच्या काकी. किल्ली त्यांच्याकडे. मेन स्विच बंद करून, दहा आकडे मोजून चालू करणं, ही आमची आपत्कालीन यंत्रणा. मालिका चालू असताना ती उपलब्ध नसते. बोडणीला होड्या लागल्या असतील तरीही नसते.

सुरुवातीला स्पीकर चालू राहायचा, तेव्हा काकींचाच फोन आला होता. "तुज्या बंद घरात कोन गोरा कोंडलाय? रातभर बोंबलतोय."

मी सगळं समजावलं.

"मंग बोलता काय?"

"मी त्याला सांगतो, तुझा आवाज चांगला येतोय."

"आन् तो?"

"तोही तेच सांगतो."

"पैसं किती देतो?"

यावर मी आयनांबराकडे वळलो, पण काकींनी फोन ठेवला होता.

प्रक्षेपण चालू असताना तारेच्या टोकाला हात लागला तर चटका बसतो, हे मात्र त्यांना बजावून ठेवलंय. परवा बँड उत्तम उघडलेला, एकीकडून जपान येतंय, दुसरीकडून इटली, आणि स्टँडिंग वेव्हचा काटा एकाएकी वर, म्हणजे तारेत गडबड. घरातला कॅमेरा रेडिओसमोर, तार दिसत नाही. हात आवरला, फोन लावला.

"काकी, तारेवर काही आहे का?"

"बोंबील टाकलेत. उद्यापरयंत सुकतील. तवर तू जरा गप राव."