साहेब जागेवर नाहीत

प्रति,
मा. सायकल ट्रॅकसाहेब,
पुणे शहर (निवडक रस्ते, सोयीनुसार).

विषय : आपली भेट मिळण्याबाबत.
संदर्भ : डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झालेला आपला आराखडा.

महोदय,

सा. न. वि. वि.

मी सेवानिवृत्त कारकून. चौतीस वर्षं टेबलामागे बसलो. ‘साहेब जागेवर नाहीत’ हे वाक्य या काळात किती जणांना ऐकवलं, त्याची मोजदाद नाही. कधी साहेब मीटिंगला असत, कधी साइटवर, कधी नुसतेच नसत. आता रोज सकाळी सायकल काढतो आणि तेच वाक्य आपल्याबद्दल ऐकून घेतो. केलेलं इथंच फेडून जावं लागतं, असं आमची आई म्हणायची.

गेल्या मंगळवारी आपल्या भेटीला आलो होतो. आमच्या भागात आपल्या नावाचा फलक आहे, निळ्या गोलात पांढरी सायकल. फलक जागेवर होता. आपल्या खुर्चीत मात्र एक मोटार बसली होती, अंगावर कव्हर ओढून. म्हणजे बाई दोन मिनिटांसाठी टेकलेल्या नव्हत्या, मुक्कामाला होत्या. पुढं विजेचा डीपी, त्याला वळसा घातला की रसवंती, मग कुणाच्या तरी बाथरूमचा राडारोडा, मग एका होतकरू नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचे बांबू. एका बसथांब्याने तर आपल्याकडे सरळ पाठ करून बैठक मारली आहे. मी सायकल हातात धरून, शाळेतल्या पोराने दप्तर सांभाळत डबक्यावरून जावं तसा, पन्नासेक पावलं गेलो आणि रस्त्यावर उतरलो. मागून पीएमपीच्या बसने हॉर्न दिला. चालकाने खिडकीतून विचारलं, “काका, ट्रॅक दिलाय ना तिकडं?”

त्याचं चुकलं नाही. त्याला वरून फक्त फलक दिसतो.

संध्याकाळी सहाला आपण जागेवर असता, असं एकाने सांगितलं. म्हणून सहाला आलो. तेव्हा तिथून दुचाक्या चालल्या होत्या, एकामागोमाग एक, शिस्तीत. मुख्य रस्ता तुंबला की आपण त्यांचे. त्यांना अडवायला म्हणून आपल्या तोंडाशी स्टीलचे खांब रोवले आहेत. स्कूटर हँडल वाकडं करून त्यातून निघते. माझी सायकल अडकते, कारण तिच्या हँडलला भाजीची पिशवी असते. ही योजना ज्यांनी कागदावर आखली, त्यांच्या हँडलला पिशवी नसावी.

आता आपल्या घराण्याविषयी थोडं. माझ्या लहानपणी पुण्यात ट्रॅक नव्हता आणि शहराला सायकलींचं शहर म्हणत. सायकलीला महापालिकेचा बिल्ला लागे. रात्री दिवा नसला की पोलीस हवा सोडत, आणि डबलसीट दिसलं की शिट्टी. पोलिसाने सायकलवाल्याला पकडण्याइतकी सायकलवाल्याची किंमत होती, हे मला आज फार जाणवतं. आता मला कुणीही पकडत नाही. चौकातल्या हवालदाराच्या लेखी मी झाडाच्या पानासारखा वाऱ्याने आलो आणि वाऱ्याने गेलो.

मग १९७२ साली लूना आली. तिला पायडल होतं, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पुणेकराने सायकल एका दिवसात टाकली नाही. आधी पायडलवाली लूना घेतली, म्हणजे मनाला टोचू नये. मग पायडल गेलं, स्कूटर आली. ती तर आकुर्डीला बनत होती, घरचीच. मग मोटार. २०१८ मध्ये पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेली : माणसं ३५ लाख, वाहनं ३६ लाखांवर. तान्ह्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला एकेक गाडी येऊन वर लाखभर उरल्या. त्या उरलेल्यांपैकी एक आपल्या खुर्चीत आहे, कव्हर घालून.

याच सुमारास आपला भाग्योदय झाला, हा योगायोग मला फार आवडतो. आराखड्यात आपली लांबी ८२४ किलोमीटर आणि अंदाजे खर्च ३३५ कोटी. त्याआधी २००६ च्या डिसेंबरात सातारा रस्त्यावर आणि हडपसरच्या बाजूला देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बसला राखीव मार्गिका, सुरू झाली, तेव्हाही बसच्या कडेला आपली वर्णी लागली होती. त्याच वर्षी केंद्र सरकारचं शहरी वाहतूक धोरण आलं. रस्त्यावरून वाहनं नव्हे, माणसं हलवायची आहेत, अशा अर्थाचं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. वीस वर्षं झाली. कागद अजून कोरा करकरीत आहे, कारण त्याला कुणी हात लावलेला नाही.

८२४ किलोमीटर म्हणजे किती, तर पुण्याहून सरळ नागपूर गाठून वर शंभरेक किलोमीटर उरतील. मी एवढा लोभी नाही. आमच्या सोसायटीपासून मंडईपर्यंत जाता आलं तरी पुरे.

पैशाचं म्हणाल तर शहर कंजूष नाही. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जेमतेम दीड दशकाचा झाला होता. २०२० मध्ये तो मेट्रोसाठी पाडला आणि त्या जागी नवा दुमजली बांधायला घेतला. आपल्यासाठी मात्र पेव्हर ब्लॉक. तेही असे बसवलेले, की सायकलवरून गेलो तर कवळीचा आवाज सायकलच्या घंटीपेक्षा मोठा येतो. आणि चौक आला की आपण संपता. हे मी फार विचार करून लिहितोय, साहेब. सरळ रस्त्यावर मला आपली तितकी गरज नाही, तिथं मी डावीकडून माझा माझा जाईन. जीव मुठीत धरावा लागतो तो चौकात. डावीकडे वळणारा ट्रक मला पाहत नाही आणि सिग्नल हिरवा होण्याआधीच मागचे सगळे भोंगे माझ्या पाठीवर येतात. नेमका तिथं आपला उतार होतो, लाल रंग संपतो आणि आपण अदृश्य. पलीकडे, चौक सुरक्षित ओलांडल्यावर, पुन्हा ऐटीत उभे. संकटात गायब आणि फोटोला हजर, असे साहेब मी नोकरीत पाहिले आहेत. त्यांना बढती लवकर मिळायची.

भाड्याच्या सायकलींचा आपला संसार तर डोळ्यांदेखत झाला. २०१७ च्या डिसेंबरात औंधमध्ये सुरुवात झाली. फोनवरून कुलूप उघडायचं, काम झालं की कुठेही सोडायची. पुढच्या वर्षी रंगीबेरंगी कंपन्या आल्या आणि दोनेक वर्षांत बहुतेक सायकली दिसेनाशा झाल्या. लोकांनी मोडल्या, पळवल्या, हे खरंच. पण त्या चालवायच्या कुठे, हा प्रश्न सायकली आल्यावर विचारायचा नसतो. आमच्याकडे सून आल्यावर स्वयंपाकघर बांधायला काढत नाहीत.

एकदा मी एका कार्यालयात गेलो. नाव लिहीत नाही, मीही त्याच जातकुळीचा. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने चहा पाजला आणि सांगितलं, “आजोबा, आता सायकल चालवतंय कोण?” मी त्याला खिडकीपाशी नेलं. सकाळचे साडेसात. रात्रपाळी उतरलेला वॉचमन, हँडलला डबा. मागे रंगाऱ्याची जोडी, एकाच्या खांद्यावर शिडी, दुसऱ्याच्या कॅरिअरला डिस्टेंपरचे डबे. पेपर टाकून परतणारी दोन पोरं. तिघी बायका, चार घरची धुणीभांडी करायला निघालेल्या, लेडीज सायकलवर, पदर कमरेला खोचून. दहा मिनिटांत मी त्याला अठ्ठावीस मोजून दाखवले. तो म्हणाला, “हां, पण हे काय... हे तसले.” वाक्य त्याने पूर्ण केलं नाही. पूर्ण केलं असतं तर आपला अख्खा आराखडा मला एका ओळीत कळला असता.

शहराच्या लेखी सायकलस्वार म्हणजे रविवारी पहाटे खडकवासल्याला जाणारा, चकचकीत हेल्मेट, चष्मा, घट्ट कपडे. माझा त्यांच्यावर राग नाही, माझा भाचा त्यातलाच आहे. तो सायकल मोटारीच्या मागे बांधून गावाबाहेर नेतो आणि तिथं चालवतो. का, विचारलं तर म्हणतो, “मामा, इथं सिटीत मरायचंय का?” लाखभराची सायकल असलेल्यालाही जे कळतं, ते अठ्ठावीस जणांना कळत नसेल असं नाही. त्यांच्याकडे मोटार नाही एवढंच.

हॉलंडचं उदाहरण दिलं की आपले हितचिंतक सांगतात, तो देश सपाट आहे. असेल. पण १९७१ साली त्या सपाट देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली आणि त्यात चारशेहून जास्त मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर बसले. ट्रॅक मग आले. आज उत्रेख्तच्या एका स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकली ठेवायची सोय आहे. आणि सपाटीचंच म्हणाल तर सायकलींच्या शहरात पर्वती तेव्हाही इथंच उभी होती.

एवढं लिहून झाल्यावर आपली एक चांगली आठवणही नोंदवतो. २०२६ च्या जानेवारीत पुण्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, एकूण ४३७ किलोमीटरची. त्यासाठी रस्त्यांवर नवं डांबर पडलं आणि शर्यतीपुरती वाहनं बाजूला झाली. परदेशी पोरं सणसणत निघून गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे जमतं, साहेब. पाहुण्यांसाठी का होईना, पण जमतं.

तरी आपणास नम्र विनंती अशी की, ८२४ किलोमीटर सवडीने व्हावेत, माझी घाई नाही. तूर्त आमच्या भागातल्या शाळेपुढचा चौक ओलांडेपर्यंत तेवढं सोबत यावं. साधारण चाळीस मीटर. आपण याल तो दिवस आणि वेळ उलट टपाली कळवावी, मी आणि ते अठ्ठावीस जण हजर राहू. त्यांच्या वेळा सकाळी साडेसात आणि रात्री नऊ अशा आहेत. रविवारी त्यांना सुट्टी नसते.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक सायकलवाला

ता. क. : आपल्या जागेतली मोटार शुक्रवारी हलली. मी पेढे आणायला गेलो. परत येईपर्यंत तिथं मांडवाचे खांब रोवायला घेतले होते.