चटई घ्या, चटई!

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण मुंबईच्या विकास नियमावलीने फारच मनावर घेतली आहे. भूखंडावर किती बांधायचे हे ठरवणाऱ्या आकड्याचे सरकारी नावच मुळी 'चटई क्षेत्र निर्देशांक'. 1991 च्या नियमावलीने शहराला 1.33 चटई दिली, उपनगराला 1. एवढ्याशा चटईवर बिल्डरचे पाय मावणार कसे? पण काही गोष्टी चटईत मोजल्याच जात नसत. त्यांत एक होती खिडकीबाहेरची फुलझाडांची पट्टी, म्हणजे फ्लॉवर बेड.

मुंबईकराला फुलांचे एवढे वेड आहे, हे तोवर कुणाला ठाऊक नव्हते. विसाव्या मजल्यावर मोगरा, बाविसाव्यावर जाई. निदान नकाशात तरी. ताबा मिळाला की मधली भिंत जायची, खिडकी पुढे सरकायची आणि मोगऱ्याच्या जागी पलंग यायचा. नकाशाशी प्रतारणा अशी काही नव्हती. 'बेड' मंजूर होताच, फक्त 'फ्लॉवर' तेवढे काढले.

जानेवारी 2012 मध्ये सरकारला या बागेची जाग आली. फ्लॉवर बेड, बाल्कनी, कोनाडे, सगळे चटईत धरायचे ठरले. मग पुढे? पुढे निवासी इमारतींना 35 टक्के जादा चटई जाहीर झाली, अधिमूल्य भरून. तिचे नाव 'फंजिबल'. (आमच्या शेजारच्या काकू अजून समजतात की हा पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणारा रोग आहे.) जे चोरून होत होते ते थांबवायच्या भानगडीत कुणी पडले नाही, त्याचा दर ठरवला आणि पावती फाडली. 2021 मध्ये तर अधिमूल्यावर वर्षअखेरपर्यंत 50 टक्के सूट होती. अट एकच, ग्राहकाचे मुद्रांक शुल्क बिल्डरने भरायचे. साड्यांच्या सेलमध्येसुद्धा पिशवी फुकट देतात.

सध्या आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. निघून सात वर्षे झाली. पूर्वी दोन मुंबईकर भेटले की गाव विचारायचे, आता नियमावलीतले कलम विचारतात. म्हाडाची वसाहत असेल तर 33(5), उपकरप्राप्त चाळ 33(7), समूह विकास 33(9), झोपडपट्टी 33(10). गोत्र जुळले नाही तर सोयरीक होत नाही. प्रत्येक गोत्राची चटई वेगळी. कुणाला किती, हे समजावून सांगायला वास्तुविशारद येतो, त्याचे म्हणणे समजावून सांगायला सल्लागार येतो, आणि दोघांची बिले समजावून सांगायला सेक्रेटरी.

मोजमापाचे मात्र बिल्डरला कधीच अडले नाही. सरकार चटई मोजायचे, तो 'सुपर बिल्ट-अप' विकायचा. जिना, लिफ्ट, वॉचमनची खुर्ची, सगळे आपल्या दिवाणखान्यात धरायचे. 2017 मध्ये महारेरा हे गृहप्रकल्पांचे नियामक प्राधिकरण आले आणि विक्री कार्पेटवरच करा असा दंडक झाला. कार्पेट म्हणजे आतल्या भिंती धरून, बाहेरच्या सोडून, बाल्कनीही सोडून. आमच्या बिल्डरने लगेच माहितीपत्रक बदलले. आता त्यात कार्पेट बारीक अक्षरांत आहे आणि त्याच्या शेजारी ठळक अक्षरांत 'वापरण्यायोग्य'. आधीचे क्षेत्र बहुधा नुसते बघण्यायोग्य असावे. हा शब्द कुठल्या कायद्यात आहे, असे मी सभेत विचारले. तो हसून म्हणाला, "काका, चहा घ्या."

चहा घेतला. चांगला होता.

तेव्हा सॅम्पल फ्लॅट बघायला जाल तर खिशात मोजपट्टी ठेवा. तिथला पलंग मुद्दाम आखूड बनवलेला असतो, त्यावर झोपून बघा. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा, दाराआड मोजा. खिडकीखालच्या कट्ट्यावर मात्र बसू नका. नकाशात तिथे मोगरा असू शकतो.