जे आधी होईल ते

साडूभाऊंचा क्लेम नामंजूर झाला. तो मेल त्यांनी चार वेळा वाचला होता, पाचव्यांदा साक्षीदार हवा म्हणून शहरातून दौलताबादला आमच्याकडे आले. शिवाय ज्या गाडीचा क्लेम, ती गाडी उभी असते आमच्याच अंगणात. त्यांच्या गल्लीत ती वळत नाही.

गाडी म्हणजे कॅरॅव्हान. टेम्पोच्या चासीवर बांधलेला वन आरके. आत पलंग, फ्रिज, बेसिन, छतावर एसी, बाजूला उघडणारा चांदवा आणि एक संडास, ज्याबद्दल दोन्ही घरांत बोलायचं नाही असं ठरलेलं आहे. 2021 साली राज्याचं कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आलं तेव्हा साडूभाऊ बँकेतून निवृत्त व्हायला आले होते. धोरण आणि ग्रॅच्युइटी एकाच सुमाराला हातात पडली की माणसाचं काय होतं, ते वाचकांनी आपापल्या नात्यात पाहिलेलं असेलच. कोकण, कच्छ, आसाम असा नकाशा तयार होता. तीन वर्षं दोन महिन्यांत गाडी चालली 6,840 किलोमीटर, आणि त्यातले बरेचसे सर्व्हिस सेंटरला जाऊन येऊन. बाकीच्या वेळात चांदव्याखाली आमच्या घरची मेथी वाळते. सावलीत वाळलेली मेथी हिरवीगार राहते, एवढा एक फायदा प्रामाणिकपणे नोंदवतो.

तर वॉरंटी. मूळची तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, यापैकी जे आधी होईल ते. तिच्यावर साडूभाऊंनी गाडी घेतानाच वाढीव वॉरंटी घेतली: आणखी दोन वर्षं किंवा पन्नास हजार किलोमीटर, यापैकी जे आधी होईल ते. किंमत 38,000 रुपये, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे 6,840 रुपये. होय, आकडा तोच. परवा मीटरवर 6,840 उमटलं तेव्हा मी मुद्दाम फोटो काढून ठेवला. साडूभाऊंनी चाललेल्या दर किलोमीटरमागे एक रुपया सरकारला दिला, तोही चालण्याबद्दल नाही. बंद पडल्यावर कोणीतरी येईल या आशेबद्दल.

आता ते चार शब्द पाहा. जे. आधी. होईल. ते. एकेक सुटा घेतला तर निरुपद्रवी. आजीच्या तोंडीसुद्धा शोभतील. शोरूममधला पोरगा ते ‘विचएव्हर इज अर्लियर’ असं म्हणतो आणि इतक्या वेगाने म्हणतो, की साडूभाऊंना वर्षभर तो गाडीच्या एखाद्या रंगाचं नाव सांगतोय असं वाटत होतं. ऐकायला किती समतोल! तराजूच्या एका पारड्यात दिवस, दुसऱ्यात किलोमीटर, आणि मधे हात जोडून उभी कंपनी. पण जो रोज पुण्याला भाडं मारतो त्याचे किलोमीटर आधी संपतात, दिवस शिल्लक राहतात. ते त्याला कोणी वापरू देत नाही. आमची गाडी मेथी वाळवते, तिचे दिवस आधी संपतात आणि किलोमीटर लाखाच्या घरात उरतात. तेही कोणी पुढच्या गाडीत जमा करून देत नाही. आधी जे होतं ते नेहमी आपलंच होतं. ‘जे नंतर होईल ते’ असं लिहिलेला कागद मी आयुष्यात पाहिलेला नाही. कोणाकडे असेल तर आणून दाखवावा, मी फ्रेम करून चांदव्याला टांगीन.

बरं, ही तऱ्हा आपण उलट वापरावी म्हटलं तर? गाडीच्या कर्जाचे हप्ते चौऱ्याऐंशी, किंवा गाडीचा उत्साह मावळेपर्यंत, जे आधी होईल ते. साडूभाऊंनी खरोखर विचारून पाहिलं. ज्या शाखेत चौतीस वर्षं काढली, ज्या काउंटरवर स्वतः लोकांना ‘साहेब जेवायला गेलेत’ असं सांगितलं, तिथेच. समोरच्या मुलीने त्यांना पाणी दिलं आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. वाढीव वॉरंटीचे पैसे त्याच कर्जात धरलेले आहेत, म्हणजे जी छत्री चौथ्या वर्षी उघडणार होती तिच्यावर साडूभाऊ पहिल्या महिन्यापासून व्याज भरत होते. पैसे पावसाआधी, व्याज पावसाआधी, छत्री पावसानंतर. पण त्यांना लग्नातही असंच वाटलं होतं, की मुख्य गोष्टी पुढे आहेत. मेहुणी हे वाचते, म्हणून इथेच थांबतो.

क्लेम होता ऑल्टरनेटरचा. गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा हा भाग बंद पडला, आणि तो वाढीव वॉरंटीच्या यादीत छापलेला आहे. साडूभाऊंनी पिवळ्या पेनाने रंगवूनही ठेवला होता. सर्व्हिस सेंटरला गेलो. काचेच्या केबिनमध्ये एसी चालू होता, म्हणजे त्यांचा ऑल्टरनेटर ठीक असावा. पोरगा कॉम्प्युटरकडे पाहत म्हणाला, ‘सर, सेकंड सर्व्हिस अकरा दिवस लेट आहे.’

‘अहो, गाडी तेव्हा 2,900 किलोमीटरच चालली होती,’ साडूभाऊ म्हणाले. ‘सर्व्हिस दहा हजारांवर असते ना?’

‘दहा हजार किंवा एक वर्ष, सर.’

आणि मग तो आणि मी एकाच वेळी म्हणालो, ‘जे आधी होईल ते.’ तो मराठीत, मी दात-ओठ खात.

म्हणजे हे चार शब्द दोन्ही बाजूंनी धार असलेले आहेत. वॉरंटी संपायची असेल तर जे आधी होईल ते, आणि आपलं कर्तव्य सुरू व्हायचं असेल तरी जे आधी होईल ते. गाडी हललीच नाही तरी तिचं तेल म्हातारं होतं, हे मला मान्य आहे. तेल उभ्या गाडीतही खराब होतं, यात लबाडी नाही. पण इंजिनच्या तेलाने अकरा दिवस जास्त काढले म्हणून ऑल्टरनेटर जळतो, हे शास्त्र कुठल्या आयटीआयमध्ये शिकवतात? आणि उशीर का झाला? श्रावण होता. शुक्रवारी रात्री शहरातून खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघालेली माणसं रस्ता भरून चाललेली असतात. त्या गर्दीत वन आरके घालायचा नाही म्हणून दोन शनिवार गेले, मग पोळा, मग मेहुणीच्या सासरचे पाहुणे. पोराने हे सगळं ऐकून घेतलं. ‘रिलिजियस’ असा काही पर्याय त्याच्या पडद्यावर नव्हता.

साडूभाऊ नमले असते, तेवढ्यात पोराने दुसरं कारण काढलं. ऑल्टरनेटरवरून एक जास्तीची वायर गेलेली आहे. कुठे? मागच्या, घरातल्या दिव्यांच्या, फ्रिजच्या बॅटरीला. ती वायर नसती तर ती कॅरॅव्हान नसती, टेम्पो असता. पण चासीवाल्यांच्या लेखी ते मॉडिफिकेशन आहे. बॉडी बांधणाऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, आमची वॉरंटी पलंग, कपाटं आणि दारांच्या बिजागऱ्यांवर; ऑल्टरनेटर चासीचा. फ्रिजवाला म्हणाला, आमचा फ्रिज घरगुती वापरासाठी आहे, तुम्ही तो फिरवलात. फिरवलात! 6,840 किलोमीटरांत त्या फ्रिजने माझ्या मुलीच्या टिफिनपेक्षा कमी प्रवास केलाय. शिवाय वायर एका जागी उंदरांनी कुरतडलेली निघाली, आणि उंदीर हे ‘बाह्य कारण’ आहे. आमच्या अंगणातले उंदीर मात्र बाहेरचे अजिबात नाहीत, मी त्यांच्या चार पिढ्या पाहिल्यात.

आमच्या किल्ल्याची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. पर्यटक त्यातली अंधारी, ती काळोखी भुयारी वाट, बघून येतात आणि वॉरंटीच्या पुस्तिकेला अंधारीची उपमा देतात. मला ती पटत नाही; अंधारीत निदान वटवाघळं खरी असतात. मला आठवतात ती पोती. 1296 च्या वेढ्यात गडावर धान्याची म्हणून चढवलेली पोती उघडली, तर आत मीठ निघालं असं सांगतात. सातशे वर्षं आम्ही त्या मिठावर हळहळतो, पण कोणी हे विचारत नाही की पोती आधी का नाही उघडली. कशाला उघडतील? रचून ठेवलेली पोती पाहूनच माणसाला पोट भरल्यासारखं वाटतं. साडूभाऊंनीही पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत, आरसी बुकाखाली, तीन वर्षं रचून ठेवली होती. वेढा पडल्यावर उघडली. बहात्तर पानं. पहिल्या नऊ पानांवर काय मिळेल ते, उरलेलं सगळं मीठ: क्लच, ब्रेकचे पॅड, वायपर, बल्ब, रबर, रबरासारखं दिसणारं काहीही, आवाज, वास, थरथर, गंज, पूर, उंदीर, आणि ‘सामान्य झीज’. सामान्य झीज! साडूभाऊंनी तो शब्द बोटाने दोनदा पुसून पाहिला.

आणि आता ज्यासाठी मी हे सदर लिहायला बसलो ते. क्लेम नामंजूर झाला त्याच संध्याकाळी फोन आला. बाई फार गोड. ‘सर, आजच्या व्हिजिटला दहापैकी किती मार्क द्याल?’ साडूभाऊ म्हणाले, शून्य. बाई गप्प झाल्या. पाच मिनिटांत त्या काचेच्या केबिनमधल्या पोराचा फोन. केबिनमध्ये ‘सर’ होते ते आता ‘काका’ झाले. गाडी घेताना, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात देऊन नारळ फोडताना, हार घालून फोटो काढतानाही ते काकाच होते. ‘सर’ ते फक्त तक्रारीच्या दिवशी होतात. ‘काका, दहाच द्यायचे असतात. नवालासुद्धा नापास धरतात. माझा इन्सेंटिव्ह कापतात काका.’ मला त्या पोराचा राग येत नाही. तो वैजापूरकडचा, भाड्याच्या खोलीत राहतो, त्याच्या नोकरीला कसलीच वॉरंटी नाही, वाढीवही नाही. राग येतो तो या व्यवस्थेचा, जी पैसे घेताना आपल्याला नातेवाईक करते, नाकारताना आपल्यापुढे एका गरीब पोराला उभं करते आणि वर त्या पोराचं पोट आपल्याच बोटाखाली ठेवते: दाबा शून्य, हिंमत असेल तर! ज्याने तो नियम लिहिला त्याला मार्क द्यायची सोय कोणत्या बटणावर आहे? त्याला कधी कोणी विचारतं का, की साहेब, दहापैकी किती? साडूभाऊंनी दहा दिले. रात्री जेवले नाहीत.

ग्राहक आयोगात जायचं का, यावर आमच्याकडे दोन रविवार चर्चा झाली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला मुदत आहे, कारण घडल्यापासून दोन वर्षं. मी कलम पुनःपुन्हा वाचलं. फक्त दोन वर्षं. किलोमीटर नाहीत! उशिराला पटण्याजोगं कारण दिलं तर तो माफही होऊ शकतो, असं पुढे लिहिलंय. मला गहिवरून आलं. एवढा मोठा कायदा, त्यात श्रावण बसतो. पण साडूभाऊंचं मन दुसरीकडेच गेलं होतं. विजेचा भाग सोडून इंजिन आणि गिअरबॉक्सला वॉरंटी अजून लागू आहे, असं मेलच्या शेवटी बारीक अक्षरात होतं. ते वहीपेन घेऊन बसले. मुदत संपायला साधारण 670 दिवस. एकूण दीड लाखातून 6,840 वजा जाता उरले 1,43,160 किलोमीटर. भागाकार.

‘साडूभाऊ,’ ते मला म्हणाले, ‘रोज 214 किलोमीटर चालवली, तर दोन्ही एकाच दिवशी संपतात.’

‘मग?’

‘मग आधी काहीच होत नाही.’

मी त्यांच्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं ताळेबंद जुळवलेला माणूस. दौलताबाद ते वेरूळ जाऊन येऊन साधारण तीस. रोज सात फेऱ्या, वरचे चार भाजीला. ऑल्टरनेटर शहरातल्या एका वायरमनकडून वायंडिंग करून घेतलाच होता, कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या पाव किमतीत आणि ‘चालेल हो’ एवढ्या वॉरंटीवर. डिझेलचा हिशेब मी काढायला लागलो तेव्हा त्यांनी वही मिटली.

रविवारी सकाळी पहिल्या फेरीला निघालो. मेथी आवरून चांदवा मिटला. घरापासून तीन किलोमीटर होतात न होतात तोच दिल्ली दरवाजापाशी अडकलो. सुट्टीचा दिवस. समोरून बस, मागून ट्रक, मधे त्या दगडी कमानीत दोघेही एकदम घुसलेले, आणि खाली उतरून एकमेकांना गाडी मागे घ्यायचं शिकवणारे दहाजण. आमची गाडी चढावर अर्ध्या क्लचवर. क्लच यादीत नाही, हे आम्हा दोघांनाही पाठ होतं. पाऊण तास झाला. मीटर 6,843. साडूभाऊ एकदा मीटर बघत, एकदा घड्याळ.

खिडकीशी सीताफळवाली आली. पाटीत फळं नीट रचलेली, डोळे मोकळे पडलेली, वर सीताफळाचीच पानं. साडूभाऊंनी एक उचलून अंगठ्याने दाबायला घेतलं तशी तिने ते हातातून काढून घेतलं.

‘दाबू नगा. दाबलेलं वापस घेत न्हाई मी.’

‘पिकतील का? गॅरंटी काय?’

‘परवाच्याला पिकतील. न्हाई पिकले तर आणून द्या.’ तिने गाडी पुढून मागपर्यंत पाहिली, मग कमान पाहिली. ‘तुमी कुठं चाललाय तवर.’